गर्लफ्रेंडसाठी लिहिलेलं गाणं अमेरिकेत २ नंबरला पोचलं, तेव्हा ते गाणारा १७ वर्षांचा पोरगा जिवंत नव्हता

'ला बाम्बा' हे गाणं तुम्ही कधी ना कधी ऐकलेलं असणारच. नाव माहीत नसेल, स्पॅनिशमधला एक शब्द कळत नसेल, तरी सुरुवातीची गिटारची धून वाजली की पाय आपोआप हलायला लागतात.

पण १९५८ साली हे गाणं ज्या रेकॉर्डवर आलं, त्या रेकॉर्डवरचं ते मुख्य गाणं नव्हतंच.

त्या काळात ४५ आरपीएमच्या छोट्या रेकॉर्ड निघायच्या. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला दुसरं. जे गाणं चालेल असं कंपनीला वाटायचं ते पहिल्या बाजूला, म्हणजे ए साइडला. उरलेलं बी साइडला. 'ला बाम्बा' बी साइडला होतं. आणि ए साइडला होतं एक संथ, हळवं प्रेमगीत. शाळेतल्या एका मुलीसाठी शाळेतल्याच एका मुलानं लिहिलेलं. गाण्याचं नाव तिचंच होतं, 'डोना'.

ते लिहिणाऱ्या पोराचं नाव रिची वॅलेन्स.

आज जग त्याला 'ला बाम्बा'मुळे ओळखतं आणि विमान अपघातामुळे ओळखतं. पण त्याच्या हयातीत अमेरिकेतल्या पोरापोरींनी त्याला डोक्यावर घेतलं ते 'डोना'मुळे. त्याचं सगळं करिअर मिळून ८ महिन्यांचं. त्या ८ महिन्यांत नेमकं काय काय झालं, त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात होते पकोइमापासून

रिचीचं खरं नाव रिचर्ड स्टीव्हन वॅलेन्झुएला. जन्म १३ मे १९४१. लॉस एंजेलिस शहराच्या उत्तरेला सॅन फर्नांडो व्हॅली आहे, तिथल्या पकोइमा नावाच्या वस्तीत तो वाढला. मेक्सिकन, कृष्णवर्णीय आणि जपानी कुटुंबांची ही वस्ती. हातावर पोट असलेली माणसं. हॉलिवूड तिथून गाडीनं फार लांब नाही, पण दोन्हीकडचं जग पूर्ण वेगळं.

घरात गाणं होतं. मेक्सिकन लोकगीतं, गिटार, कौटुंबिक कार्यक्रमात सगळ्यांनी मिळून गाणं. रिची लहानपणापासून गिटारच्या मागे लागला. गडी डावखुरा होता, पण मिळालेली गिटार उजव्या हाताची. मग काय, तो उजव्या हातानंच वाजवायला शिकला. वडिलांचा त्याला पाठिंबा होता, पण रिची दहा-अकरा वर्षांचा असतानाच वडील गेले. पुढे घराची जबाबदारी आली आई कॉनीवर.

रिचीच्या शाळेत तो सतत गिटार घेऊन फिरणारा मुलगा म्हणून ओळखला जायचा. मधल्या सुट्टीत पोरं त्याच्याभोवती जमायची आणि तो गात बसायचा. लिटल रिचर्ड हा त्याचा आवडता गायक. त्याची गाणी रिची इतकी जोरात म्हणायचा की आसपासच्या भागात लोक त्याला सॅन फर्नांडोचा लिटल रिचर्ड म्हणायला लागले.

शाळेवर विमान कोसळलं, त्या दिवशी रिची शाळेत नव्हता

तारीख होती ३१ जानेवारी १९५७. पकोइमावरच्या आकाशात दोन विमानांची टक्कर झाली. एक होतं डग्लस कंपनीचं डीसी-७बी हे मोठं विमान, जे चाचणीसाठी उडालं होतं. दुसरं अमेरिकन हवाई दलाचं एफ-८९ हे लढाऊ जेट. टक्कर झाली आणि मोठ्या विमानाचे अवशेष थेट पकोइमा ज्युनियर हायस्कूलच्या मैदानात येऊन पडले. मैदानात मुलं होती. या अपघातात एकूण ८ जणांचा जीव गेला, त्यातले ३ शाळकरी विद्यार्थी होते. जखमींचा आकडा सत्तरच्या वर होता.

ही रिचीची शाळा. पण त्या दिवशी आजोबांच्या अंत्यविधीमुळे तो शाळेत आलाच नव्हता.

तो वाचला, पण ज्या मैदानात तो खेळायचा तिथे आकाशातून मरण पडलं होतं. विमानाची भीती त्याच्या मनात बसली ती कायमची. त्याला विमान अपघाताची वाईट स्वप्नं पडायची, असं त्याच्या जवळच्या लोकांनी नंतर सांगितलं आहे.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण दोनच वर्षांनी ती परत समोर येणार आहे.

शनिवारचा शो आणि बॉब कीन

१६ वर्षांचा असताना रिची 'द सिल्हूएट्स' नावाच्या एका स्थानिक बँडमध्ये शिरला. आधी गिटार वाजवायला, मग गायलाही. या बँडमध्ये मेक्सिकन, कृष्णवर्णीय, जपानी अशा सगळ्या घरांतली पोरं होती. कार्यक्रम मिळत नसतील तर आपणच भरवू, असं म्हणत आई कॉनीनं पदरचे पैसे घालून हॉल भाड्यानं घेतला होता. लोक यायला लागले, नाव पसरायला लागलं.

हे नाव पोचलं बॉब कीनच्या कानावर. कीन मूळचा संगीतकार, पण नंतर रेकॉर्ड कंपनीच्या धंद्यात उतरला होता. सॅम कुकच्या पहिल्या मोठ्या हिटमागे जी कंपनी होती, तिच्यात तो होता. तिथून बाहेर पडून त्यानं स्वतःची डेल-फाय रेकॉर्ड्स ही कंपनी काढली होती आणि त्याला नवीन आवाज हवा होता.

सॅन फर्नांडोमधल्या एका थिएटरात शनिवारी सकाळी पोरांसाठी शो असायचा. तिथे कीननं रिचीला पाहिलं. स्टेजवर एकटा पोरगा, हातात गिटार, शेजारी छोटा अॅम्प्लिफायर आणि समोर बेभान झालेली पोरं. कीननं त्याला आपल्या घरी बोलावलं. घराच्या तळघरात त्यानं छोटा स्टुडिओ केला होता. तिथे टेपवर काही गाणी घेतली आणि २७ मे १९५८ ला करार झाला. रिचीला १७ वं लागून फक्त दोन आठवडे झाले होते.

आणि आधी कात्री लागली ती नावाला

वॅलेन्झुएला हे आडनाव ऐकलं की अमेरिकेत कुणालाही कळायचं की हा मेक्सिकन वंशाचा आहे. १९५८ च्या अमेरिकेत याचा अर्थ सरळ होता. अनेक रेडिओ स्टेशन रेकॉर्ड वाजवण्याआधीच बाजूला ठेवतील, अशी कीनला धास्ती होती. म्हणून आडनावाचं वॅलेन्स झालं आणि रिचर्डचं रिची.

तसं पाहिलं तर धंद्याच्या हिशेबानं हा निर्णय चालला. आवाज ऐकून आणि नाव वाचून हा पोरगा कुठल्या वस्तीतून आलाय हे कुणाला कळलं नाही. पण एका पोराला स्टार व्हायचं असेल तर आधी आपल्या बापाचं आडनाव अर्धं करावं लागतं, हा त्या काळाचा नियम होता.

पहिलं गाणं आलं, 'कम ऑन, लेट्स गो'. हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओत, अर्ल पामर यांच्यासारखे मुरलेले ड्रमवादक सोबतीला घेऊन ते रेकॉर्ड झालं. बिलबोर्डच्या यादीत ते ४२ व्या नंबरपर्यंत गेलं. नवख्या पोरासाठी हे लय मोठं होतं. आता दुसऱ्या रेकॉर्डवर काय घ्यायचं हा प्रश्न होता.

डोना कोण होती?

डोना ही रिचीच्याच हायस्कूलमधली मुलगी. गोऱ्या कुटुंबातली. दोघांची ओळख झाली, मैत्री झाली आणि ते एकत्र फिरायला लागले. पण मेक्सिकन घरातला, गिटार वाजवणारा पोरगा आपल्या मुलीसोबत फिरतो हे तिच्या घरी पटलेलं नव्हतं. भेटीगाठी अवघड झाल्या. त्यातूनच रिचीनं गाणं लिहिलं आणि ते आधी तिला फोनवर गाऊन दाखवलं.

गाणं अगदी साधं आहे. शब्द थोडे, कॉर्ड मोजके. गिटार शिकणाऱ्या पोराला पहिल्या काही आठवड्यांत जमतील असे. ठेका संथ, मागे हळूच साथ देणारे आवाज आणि त्यावर रिचीचा आवाज. एक मुलगी होती, ती गेली आणि तिच्याशिवाय करमत नाही, एवढाच काय तो विषय.

मग ते इतकं चाललं कसं?

तर त्या वेळची परिस्थिती बघा. रॉक अँड रोल म्हटलं की मोठ्यांना धडकी भरायची. धांगडधिंगा, आरडाओरडा, पोरं बिघडवणारं संगीत अशी त्याची ख्याती. त्यात १९५८ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली लष्करात भरती झाला होता. मोठा स्टार मैदानातून बाहेर, पण रेडिओ ऐकणारी, खिशात रेकॉर्ड घेण्यापुरते पैसे असलेली पोरंपोरी तशीच होती. ही जागा भरायला टीन आयडॉल पुढे आले. किशोरवयीन मुलींना आवडतील असे चेहरे आणि त्यांची हळवी गाणी. शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमात वेगवान गाण्यांनंतर एक संथ गाणं लागतं तेव्हा जोड्या जवळ येऊन नाचतात. ती जागा अशा गाण्यांची.

पण बाकीच्या अनेक टीन आयडॉलसाठी गाणी लिहायला पगारी माणसं असायची. वय वाढलेल्या माणसानं ऑफिसात बसून सोळा वर्षांच्या पोराचं दुःख लिहायचं असा तो मामला. 'डोना' तसं नव्हतं. लिहिणारा १७ वर्षांचा, गाणारा तोच, मुलगी खरी आणि अडचणही खरी. ऐकणाऱ्यांना हे सगळं माहीत नव्हतं, पण आवाजातला तो कच्चेपणा त्यांना आपला वाटला.

दुसऱ्या बाजूला अख्खं पकोइमा होतं

बी साइडसाठी 'ला बाम्बा' निवडलं गेलं. हे मेक्सिकोच्या वेराक्रूझ भागातलं जुनं लोकगीत. लग्नात वाजणारं. आपल्याकडं हळदीला जी गाणी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत, तसंच काहीसं. रिचीनं ते घरात ऐकलेलं होतं. गंमत म्हणजे रिचीला स्पॅनिश धड बोलता येत नव्हतं. तो इंग्रजीत वाढलेला. गाण्याचे शब्द त्यानं घरच्यांकडून शिकून घेतले. आणि लोकगीताला रॉकचा ठेका लावावा की नाही याबद्दल त्याच्या मनात संकोच होता.

शेवटी ते झालं. आणि त्या एका रेकॉर्डवर रिचीचे दोन्ही चेहरे आले. एका बाजूला रिची वॅलेन्स, कुठल्याही अमेरिकन शाळेतला वाटावा असा प्रेमात पडलेला पोरगा. दुसऱ्या बाजूला रिचर्ड वॅलेन्झुएला, ज्याचं आडनाव कापलं तरी गाणं कापता आलं नाही.

१९५८ च्या शेवटाला ही रेकॉर्ड बाजारात आली. रेडिओवाल्यांनी आधी 'डोना' उचललं. मग काहींनी रेकॉर्ड उलटी करून 'ला बाम्बा' वाजवलं. दोन्ही बाजू यादीत चढायला लागल्या.

ज्याला विमानाची भीती, त्याला विमानाशिवाय पर्याय उरला नाही

गाणं चाललं म्हणजे देशभर फिरणं आलं. रिचीनं शाळा सोडली. टीव्हीवरचा 'अमेरिकन बँडस्टँड' हा कार्यक्रम म्हणजे तेव्हाच्या पोरांचा देव्हारा. तो व्हायचा फिलाडेल्फियात, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे जायचं तर विमान. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला अॅलन फ्रीडचा मोठा ख्रिसमस शो, तिथेही जायचं. 'गो, जॉनी, गो' या सिनेमात छोटी भूमिका मिळाली, ज्यात चक बेरीही होता. भीती मनात ठेवून तो विमानात बसत गेला.

या सगळ्या धावपळीत डिसेंबर १९५८ मध्ये त्यानं एक कार्यक्रम केला तो पकोइमा ज्युनियर हायस्कूलमध्ये. जिच्या मैदानात विमान कोसळलं होतं त्याच शाळेत. दीड वर्षापूर्वी मधल्या सुट्टीत गाणारा पोरगा आता स्टार होऊन आला होता. हा कार्यक्रम टेपवर घेतला गेला आणि पुढे त्याचा अल्बम निघाला. पैसे यायला लागल्यावर रिचीनं आईसाठी घरही घेतलं.

विंटर डान्स पार्टी

२३ जानेवारी १९५९ ला मिलवॉकीतून एक दौरा सुरू झाला. नाव 'विंटर डान्स पार्टी'. बडी हॉली, बिग बॉपर म्हणजे जे. पी. रिचर्डसन, डायन अँड द बेलमॉन्ट्स आणि रिची वॅलेन्स. २४ दिवसांत २४ गावं. तीही अमेरिकेच्या मिडवेस्टात, ऐन हिवाळ्यात.

दौरा आखणाऱ्यांनी नकाशा नीट बघितला होता की नाही असा प्रश्न पडावा, असा तो कार्यक्रम होता. आज इथे, उद्या शेकडो किलोमीटरवर, परवा पुन्हा मागे. रोजचा प्रवास बसनं आणि बसचं हीटर सारखं बंद पडायचं. कॅलिफोर्नियाच्या उन्हात वाढलेल्या रिचीनं अशी थंडी कधी पाहिली नव्हती. हॉलीचा ड्रमवादक कार्ल बंच याचे पाय बसमध्येच थंडीनं इतके बधिर झाले की त्याला हॉस्पिटलात भरती करावं लागलं. त्यानंतर गायकच आलटून पालटून ड्रम वाजवायला लागले. त्यात रिचीही होता.

२ फेब्रुवारीला आयोवा राज्यातल्या क्लियर लेक गावी सर्फ बॉलरूममध्ये कार्यक्रम होता. पुढचा मुक्काम मिनेसोटातलं मूरहेड. बडी हॉली वैतागला होता. त्यानं ठरवलं, बस नको. जवळच्या मेसन सिटीहून छोटं विमान भाड्यानं करायचं, लवकर पोचायचं, कपडे धुवायचे, झोप काढायची. विमान होतं बीचक्राफ्ट बोनान्झा. पायलट सोडून तीनच जागा. माणशी ३६ डॉलर.

हॉलीसोबत त्याचे दोन साथीदार जाणार होते, वेलन जेनिंग्ज आणि टॉमी ऑलसप. पण रिचर्डसनला फ्लू झाला होता, म्हणून जेनिंग्जनं आपली जागा त्याला दिली. रिचीही थंडीनं बेजार झाला होता. तो ऑलसपच्या मागे लागला. शेवटी नाणेफेक करायचं ठरलं.

नाणं रिचीच्या बाजूनं पडलं.

ज्या पोराला विमानाची भीती होती, त्यानं विमानातली जागा जिंकली होती.

३ फेब्रुवारीला मध्यरात्र उलटल्यावर, एकच्या सुमाराला विमान उडालं. हवा खराब होती, बर्फ पडत होतं. पायलट रॉजर पीटरसन फक्त २१ वर्षांचा. बाहेरचं काही दिसत नसताना फक्त यंत्रांवर नजर ठेवून विमान चालवण्याची पात्रता त्याच्याकडं नव्हती आणि हवामानाचे इशारे त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते, असं नंतरच्या सरकारी चौकशीत समोर आलं. उड्डाणानंतर काही मिनिटांतच विमान एका शेतात कोसळलं. सकाळी उजेडात अवशेष सापडले. चौघंही जागीच गेले होते. हॉली २२ वर्षांचा, रिचर्डसन २८ चा आणि रिची १७ चा.

त्याच रात्री मूरहेडचा कार्यक्रम मात्र झाला. रिकामी जागा भरायला तिथल्याच एका १५ वर्षांच्या पोराचा बँड उभा राहिला. तो पोरगा म्हणजे पुढे टीन आयडॉल म्हणून गाजलेला बॉबी व्ही.

गाणं मात्र चढतच राहिलं

रिची गेला तेव्हा 'डोना' यादीत वर चढत होतं. फेब्रुवारी संपत आला तेव्हा ते बिलबोर्ड हॉट १०० मध्ये २ नंबरला पोचलं. 'ला बाम्बा' २२ पर्यंत गेलं. 'डोना'च्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्याचा पहिला अल्बम दुकानात आला तो त्याच्या मृत्यूनंतर. आपलं नाव असलेला अल्बम हातात घेणं त्याच्या नशिबात नव्हतं.

१९७१ मध्ये डॉन मॅकलीननं 'अमेरिकन पाय' हे गाणं केलं आणि ३ फेब्रुवारी हा दिवस संगीत मेल्याचा दिवस म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला. पण त्या चर्चेत बडी हॉलीचं नाव पुढं असायचं. रिची बऱ्याचदा उरलेल्या दोघांपैकी एक असायचा.

हे बदललं १९८७ मध्ये. दिग्दर्शक लुईस वाल्डेझनं 'ला बाम्बा' हा रिचीच्या आयुष्यावरचा सिनेमा काढला. लू डायमंड फिलिप्सनं रिचीचं काम केलं आणि गाणी केली लॉस लोबोस या लॉस एंजेलिसच्याच मेक्सिकन-अमेरिकन बँडनं. त्यांचं 'ला बाम्बा' अमेरिकेत १ नंबरला गेलं, ते सुद्धा पूर्ण स्पॅनिशमध्ये. ज्या देशात २९ वर्षांपूर्वी स्पॅनिश आडनाव रेडिओवर चालणार नाही अशी धास्ती होती, त्याच देशात.

आई कॉनीनं हे पाहिलं. सिनेमा आला त्याच वर्षी ती गेली. सॅन फर्नांडो मिशनच्या दफनभूमीत माय-लेक शेजारी विसावले आहेत.

२००१ मध्ये रिचीला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. अमेरिकेत लॅटिन वंशाचे जे रॉक कलाकार पुढे आले, त्यांची यादी रिचीपासून सुरू होते.

पुढच्या वेळी कुठे 'ला बाम्बा' वाजलं तर बिनधास्त नाचा. आणि नाचून झालं की ती रेकॉर्ड एकदा उलटी करा. पलीकडच्या बाजूला, नाव अर्धं केलेला १७ वर्षांचा एक पोरगा अजूनही शाळेतल्या मुलीला हाक मारतोय.